‘इट’ दुसऱ्या रात्री का फसते

विचारलेला प्रश्न असा: "नव्वदच्या दशकात केबलवर ‘इट’ ही अमेरिकन टीव्ही मालिका बघून मी आठवडाभर मोरीत एकटा जात नव्हतो. परवा आठवीतल्या मुलीला दाखवली. पहिला अर्धा भाग ती माझा दंड घट्ट धरून बसली होती. दुसऱ्या अर्ध्यात तिने मोबाइल काढला आणि शेवटी तो कोळी आला तेव्हा आम्ही दोघं हसत सुटलो. पुस्तक वाचलेला मित्र म्हणतो, पुस्तकाची वाट लावली. नवे सिनेमे बघितलेला भाचा म्हणतो, जुनं आणि स्वस्तातलं आहे. मी म्हणतो, तेव्हा तर जाम भारी होती. नेमकं कोणाचं खरं?"

तिघांचंही खरं आहे. जे दिसलं ते तिघांनी बरोबर टिपलंय, फक्त त्यामागचं कारण तिघांचंही हुकलंय. ही गोष्ट पुस्तकापासून किती लांब गेली किंवा तिच्यावर पैसा किती लागला, यापेक्षा ती जाहिरातींच्या ब्रेकवर कशी बसवली होती हे बघा. म्हणजे पहिली रात्र का जमली आणि दुसरी का फसली ते एकाच ठिकाणी सापडेल.

मी पंचवीस वर्षं एडिटिंग करतोय. आधी टेपवर केलं, आता कॉम्प्युटरवर. हिंदी-मराठी मालिका केल्या, त्यातल्या तीन भुताखेतांच्या. लेखक-दिग्दर्शक तुम्हाला गोष्टीबद्दल सांगतील. एडिटर ब्रेकबद्दल बोलतो, कारण रोजची लढाई तिथेच असते.

आधी थोडा तपशील. आपण मालिका म्हणतो खरं, पण आपल्या सवयीची, वर्षभर चालणारी ती नव्हे. एबीसी या अमेरिकन वाहिनीने ती दोन रात्रींत दाखवली: रविवार १८ नोव्हेंबर आणि मंगळवार २० नोव्हेंबर १९९०. रोज दोन तासांचा स्लॉट. जाहिराती वजा केल्या तर दोन्ही रात्री मिळून तीन तासांपेक्षा थोडं जास्त. दिग्दर्शक टॉमी ली वॉलेस, पटकथा मुख्यतः लॉरेन्स कोहेन यांची. मूळ लेखक स्टीफन किंगच्या पहिल्याच कादंबरीवरचा १९७६ चा सिनेमाही कोहेननीच लिहिला होता, म्हणजे माणूस नवखा नव्हता. सुरुवातीला हे काम आठ-दहा तासांचं ठरत होतं आणि दिग्दर्शक म्हणून जॉर्ज रोमेरो यांचं नाव होतं. वाहिनीने हात आखडता घेतला, तास कमी झाले, रोमेरो बाहेर पडले.

आता तुमच्या मित्राचा मुद्दा. किंगची ‘इट’ कादंबरी १९८६ ची, मूळ इंग्रजी आवृत्ती अकराशेच्या वर पानांची. तीन तास बारा मिनिटांना पानांनी भागलं तर एका पानाला दहा सेकंद येतात. दहा सेकंदांत पात्र दार उघडून आत येतं आणि खुर्चीत बसतं, बस. त्यामुळे "पुस्तकातलं अमुक वगळलं" ही तक्रार मला कधीच पटत नाही. वगळावं लागणारच होतं. काय वगळलं यापेक्षा उरलेलं कसं रचलं हे विचारायला हवं.

गोष्ट आपल्याकडे अनेकांना वेगळ्या वाटेने माहीत आहे. नारायण धारपांची ‘शपथ’ याच कादंबरीवर बेतलेली, आणि झी टीव्हीवर १९९८ मध्ये आलेली हिंदी मालिका ‘वोह’सुद्धा. मूळ गोष्ट अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या डेरी या काल्पनिक गावातली. गावाखालच्या गटारांत काहीतरी राहतं. साधारण पिढीभराने जागं होतं, मुलं खातं, परत झोपतं. मुलांना ते ज्याची भीती वाटते त्या रूपात दिसतं, आणि गळ टाकायचा असला की विदूषक होतं, पेनीवाइज. सात मुलं त्याच्याशी लढतात. मोठेपणी सगळे गाव सोडतात आणि विसरतात. फक्त माइक नावाचा एक गावात राहून लायब्ररी सांभाळतो. तीसेक वर्षांनी मुलं पुन्हा मरायला लागतात, तेव्हा तो बाकीच्या सहांना फोन करतो.

हा फोनच पहिल्या रात्रीचं सगळं काम करतो.

अमेरिकेत त्या काळी दोन तासांच्या टीव्ही-फिल्मचे सात तुकडे पाडायची पद्धत होती. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी असं टाकायचं की माणूस जाहिराती संपेपर्यंत चॅनल बदलणार नाही. आम्ही त्याला हुक म्हणतो. आता बघा, सात तुकडे आणि सात मित्र. माइक बिलला फोन करतो. बिल फोन ठेवतो, चेहरा पांढरा पडतो आणि आपण त्याच्या लहानपणात जातो. तिथे काहीतरी भयंकर घडतं, आपण परत वर्तमानात येतो. मग बेनला फोन, मग बेव्हर्ली, एडी, रिची. शेवटी स्टॅन. फोनची रिंग वाजली की प्रेक्षकाला कळतं, आता आणखी एकाची झाकलेली आठवण उघडणार. ब्रेक आला तरी धागा तुटत नाही. उलट ब्रेक म्हणजे पुढच्या रिंगची वाट बघणं होतं. जाहिरातींच्या सक्तीचा इतका चतुर वापर मी फार थोड्या ठिकाणी बघितलाय. या कामाच्या एडिटिंगला एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं. पुरस्कार मात्र संगीताला मिळाला, रिचर्ड बेलिस यांना. तो न्याय बरोबरच झाला. सर्कशीच्या बाजाची ती सुरावट किंचित बेसूर करत नेलीय, ती काढून टाकली तर पहिल्या रात्रीतलं निम्मं भय जाईल.

दुसरी सक्ती होती वाहिनीच्या नियमांची. घरोघरी, जेवणानंतर, पोरंबाळं बसलेली असताना दाखवायची गोष्ट, आणि तिचा विषय काय, तर लहान मुलांचे खून. मुलाला इजा होताना दाखवता येणार नाही हे उघडच होतं. लोक म्हणतात की त्यामुळे मालिका मिळमिळीत झाली. पहिलं दृश्य परत लावा आणि सांगा.

भर दिवस आहे. मागच्या अंगणात दोरीवर चादरी वाळत घातल्यात, आभाळ भरून आलंय. एक चिमुरडी तीनचाकी सायकलवर गाणं म्हणत फिरतेय. आई आतून हाक मारते. तेवढ्यात खिदळल्याचा आवाज येतो. वारा आला की चादर हलते आणि मधल्या फटीत विदूषक दिसतो. हसतोय. मुलगीही हसते. चादर पुन्हा मध्ये येते. पुढच्या वेळी दिसतो तेव्हा हसण्यातली गंमत गेलेली असते. मुलीचं काय झालं ते आपल्याला दाखवत नाहीत. आई बाहेर येते आणि तिची किंकाळी ऐकू येते.

एडिटर म्हणून सांगतो, या दृश्यात खरं काम ती चादर करते. चादर म्हणजे कटच की. वारा दिग्दर्शकाच्या बाजूने कट मारतोय. शॉट तोडला असता तर प्रेक्षकाला कळलं असतं की आता घाबरायचंय. चादर साधी घरगुती वस्तू, तिच्यावर कोणी संशय घेत नाही. गच्चीवर कपडे काढायला गेल्यावर मला आजही ती फट आठवते, आणि वय विचारू नका.

मग जॉर्जी. पिवळा रेनकोट, कागदाची होडी, रस्त्याकडेला वाहणारं पाणी. होडी गटाराच्या तोंडात जाते आणि आतून विदूषक तिच्यासकट दिसतो. पुस्तकात पुढे जे होतं ते टीव्हीवर दाखवणं शक्यच नव्हतं. इथे विदूषक हात धरतो, तोंड उघडतो, दात दिसतात, आणि पुढे थेट दफनविधी. मधली जागा आपण भरतो. तुमच्या मुलीने दंड धरला तो बहुधा इथे, आणि तिने काय बघितलं असं विचारलंत तर ती कदाचित हात तुटल्याचंही सांगेल. तो शॉट नाहीच.

बेव्हर्लीच्या बेसिनचं दृश्यही तसंच. जाळीतून फुगा फुगत वर येतो, फुटतो आणि सगळीकडे रक्त. बाप धावत येतो, त्याचे हात त्या रक्तात पडतात आणि त्याला काही दिसतच नाही. रक्त आहे, पण जखम कोणालाच नाही, म्हणून नियमांच्या चौकटीत बसलं. शिवाय मोठ्यांना दिसत नाही हीच तर गोष्टीची मुख्य भीती. नियम आणि कथा एकाच दिशेला ओढत होते. असा योग आमच्या धंद्यात दहा वर्षांतून एकदा येतो.

(टीव्हीसाठी भय मवाळ करण्याचा आणखी एक नमुना सांगतो, कारण तोही किंगचाच. ‘सेलम्स लॉट’ १९७९ मध्ये सीबीएसवर दोन भागांत आली. त्यात बायकोच्या यारावर नवरा बंदूक रोखतो. परदेशी थिएटरांसाठीच्या प्रतीत नळी तोंडात आहे, टीव्हीच्या प्रतीत चेहऱ्यासमोर. हा फरक कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण मेलेला मुलगा रात्री खिडकीबाहेर तरंगत येऊन नखांनी काच खरवडतो, ते दृश्य ज्याने बघितलं तो विसरलेला नाही, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. धारपांची ‘लुचाई’ वाचलेल्यांना ती जातकुळी लगेच कळेल.)

पहिल्या रात्रीचा शेवट स्टॅनवर. त्याच्या आठवणीत मुलांची गटारातली लढाई येते. दम्याच्या एडीचा पंप त्यात हत्यार होतो. आत ॲसिड आहे असं तो मानतो, म्हणून विदूषक भाजतो. बेव्हर्ली गलोलीने चांदी मारते. मुलं जिंकतात, परत आला तर आपणही परत येऊ अशी शपथ घेतात. आणि वर्तमानातला मोठा स्टॅन फोन ठेवून आंघोळीला जातो. बायको दार उघडते तर तो टबात मेलेला आणि भिंतीवर रक्ताने ‘IT’ ही दोन अक्षरं. रात्र संपली. पुढचं मंगळवारी.

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी ही मालिका पहिल्यांदा बघितली ती डोंबिवलीतल्या एका व्हिडिओ लायब्ररीच्या कॅसेटवर. दोन कॅसेट होत्या, आणि लायब्ररीवाल्याने पहिली दिली तेव्हा दुसरी कोणीतरी नेलेली होती. "उद्या येईल" म्हणाला. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी बादलीतल्या पाण्याकडेसुद्धा नीट बघत नव्हतो. चाळीच्या संडासात रात्री जाताना धाकट्या भावाला बाहेर उभं करून गाणं म्हणायला लावायचो, म्हणजे तो आहे हे कळत राहावं. त्याने त्याचे दर वेळी चार आणे घेतले. दुसरी कॅसेट आली, लावली आणि तासाभरात भीती उतरली. तेव्हा वाटलं मी धीट झालो. पुढे एडिट टेबलावर बसायला लागल्यावर कळलं, धीट मी झालो नव्हतो, गोष्ट सैल झाली होती.

का सैल झाली? सगळं बालपण पहिल्याच रात्री खर्च झालं. फोन सगळे करून झाले. दुसऱ्या रात्री उरली ती मोठी माणसं. गावात परततात, हॉटेलात भेटतात, जेवतात, बोलतात. पहिल्या रात्री प्रत्येक दहा-बारा मिनिटांनी एक कुलूपबंद खोली उघडत होती. दुसऱ्या रात्री सगळ्या खोल्या आधीच उघड्या. ब्रेक येतात, पण त्यांना टांगायला काही नाही. म्हणून मग ब्रेकच्या आधी विदूषक नुसताच येतो, दात दाखवतो, जातो. मुलीने मोबाइल काढला तो बहुतेक तिसऱ्या-चौथ्या वेळी.

इथे तुमच्या मित्राला त्याचं श्रेय देतो. किंगने पुस्तकात ही चूक केलेली नाही. तिथे १९५८ मधलं बालपण आणि १९८५ मधलं मोठेपण शेवटपर्यंत एकमेकांत विणलेले आहेत. शेवटाकडे तर एक प्रकरण वाक्याच्या मध्येच थांबतं आणि तेच वाक्य दुसऱ्या काळात पुरं होतं. मुलं बोगद्यात शिरतात आणि मोठी माणसं बाहेर डोकावतात, असं. म्हणजे मोठ्यांच्या पावलाखाली सतत मुलांचं पाऊल आहे. टीव्हीवर दोन रात्रींची वाटणी करताना ती वीण उसवली. तेव्हा मित्राला सांगा, प्रसंग वगळले म्हणून नव्हे, वीण सोडली म्हणून पुस्तक मार खातं.

दुसऱ्या रात्रीतही जिथे जुनी युक्ती वापरलीय तिथे ती चालते. चिनी हॉटेलातल्या जेवणानंतर भविष्य लिहिलेल्या कुकीज येतात, त्या फोडल्यावर आतून डोळा, किडा, रक्त निघतं. वाढणाऱ्या बाईला काहीच दिसत नाही. लायब्ररीत रिचीला कठड्यावर विदूषक दिसतो, पाचकळ विनोद करत असतो. फुगे फुटून वाचत बसलेल्या लोकांवर रक्त उडतं आणि ते शांतपणे पान उलटतात. माझ्या मते सबंध मालिकेतला सगळ्यात देखणा प्रसंग हाच. लहानपणी बाप बघत नव्हता, आता सगळं गाव बघत नाही. भाच्याला हा प्रसंग आवाज वाढवून दाखवा. त्यात स्वस्त काय आहे ते त्याने सांगावं.

आणि मग कोळी. कोळ्याबद्दल प्रेक्षकांचं एकमत आहे, अशी एकवाक्यता आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला कधी दिसत नाही. १९९० साल. कॉम्प्युटरने जनावरं चालवायचा जमाना अजून यायचा होता. सांगाड्यावर चढवलेला मोठा बाहुला आणि थोडं स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुला जरा जरा हलवून एकेक फ्रेम घेणं, एवढंच हातात. पण माझा आक्षेप बाहुल्यावर नाही. चादरीमागे पाच सेकंद ठेवला असता तर तोच बाहुला चालला असता. त्यांनी तो उजेडात आणला, अख्खा दाखवला आणि दाखवतच राहिले. तीन तास जे झाकून ठेवण्यावर जगलं ते शेवटच्या दहा मिनिटांत उघडं टाकलं. त्यात मोठी माणसं त्याला लाथाबुक्क्यांनी मारतात. ज्याने दोनशे वर्षं गावची पोरं गिळली तो असा गल्लीतल्या मारामारीत मरतो, हसू येणारच.

पुस्तकात कोळी का चालतो? तिथे लेखक सांगू शकतो की हा कोळी नव्हेच. माणसाच्या मेंदूला झेपेल असं सगळ्यात जवळचं रूप तेवढं आहे, खरं रूप त्याच्या पलीकडे आहे. कॅमेऱ्याला "असं वाटतं, पण तसं नाही" म्हणता येत नाही. जे ठेवलं ते दिसतं.

आता भाच्याचा मुद्दा, पैशाचा. त्याला विचारा, २०१७ चा सिनेमा जास्त आवडला की २०१९ चा? बहुतेक जण २०१७ चाच सांगतील. दिग्दर्शक अँडी मुस्किएटीने पहिल्या सिनेमात फक्त मुलं घेतली, सव्वादोन तासांत. दुसऱ्यात मोठी माणसं, पावणेतीन तासांच्या वर. हवा तेवढा कॉम्प्युटर, हवा तेवढा पैसा, आणि तक्रार अगदी तुमच्या मुलीचीच: लांबलं, विदूषक फार दिसला, शेवटचा राक्षस ठीकच. गंमत म्हणजे त्या सिनेमात बिल लेखक आहे आणि त्याच्या शेवटांना नावं ठेवण्याचा विनोद वारंवार येतो. जुन्या सामानाच्या दुकानाचा मालक म्हणून खुद्द किंगच येऊन तसं सुनावून जातो. एकोणतीस वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या टीम एकाच खड्ड्यात पडतात, तेव्हा खड्डा बजेटचा नसतो. दोन काळ वेगळे केले की मोठ्यांचा भाग उघडा पडतो. झालं इतकंच.

सगळ्या गटांना एकत्र आणणारा एकच माणूस, मालिकेत विदूषक झालेला टिम करी. पुस्तकवाले, जुने, नवे, सगळे त्याला मानतात. यामागेही दिसण्या-न दिसण्याचाच हिशेब आहे. सुरुवातीला त्याच्या चेहऱ्यावर बरेच कृत्रिम भाग चिकटवायचे बेत होते, ते कमी करावेत असा त्याचा आग्रह होता. त्यामुळे चेहरा हलायला मोकळा राहिला. त्याचा विदूषक दिसायला खरोखर वाढदिवसाला बोलवावा असा आहे. आवाज घोगरा, बाजारात ओरडून माल विकणाऱ्यासारखा. तो आधी हसवतो. नव्या सिनेमातला स्कार्सगार्डचा विदूषक पहिल्या क्षणापासून भयानक दिसतो. काम उत्तम केलंय, पण त्याच्याकडून होडी घ्यायला कुठलंही शहाणं पोर हात पुढे करणार नाही. करीकडून मीसुद्धा घेतली असती.

आपल्याकडच्या ‘वोह’चं दुखणं नेमकं उलटं होतं. तिथे तीन तासांत कोंबलं, इथे ते ५२ भागांत ताणलं. विदूषकाच्या भूमिकेत लिलिपुट हा नट, मोठ्यांमध्ये आशुतोष गोवारीकर, तेव्हा ‘लगान’ यायला तीन वर्षं होती. लिलिपुटने काम जीव ओतून केलंय आणि त्या पिढीतली पोरं अजून त्याचं नाव काढतात. पण आठवड्याला एक भाग आणि भागात एवढे ब्रेक म्हटल्यावर विदूषकाला सारखं हजेरी लावावी लागते. पाहुणा रोज आला की त्याला चहाही कोणी विचारत नाही.

हे मी हिणवायला म्हणत नाही. मी स्वतः हेच केलंय. एका भुतांच्या साप्ताहिक मालिकेत विहिरीचा प्रसंग होता. नवी सून पाणी शेंदायला वाकते, पाण्यात तिच्या चेहऱ्याशेजारी आणखी एक चेहरा. आम्ही तो दाखवलाच नव्हता. सून खाली बघते, तिचं हसू मावळतं, दोर हातातून सुटतो, रहाट गरगरत राहतो, घागर पाण्यावर आपटल्याचा आवाज, ब्रेक. टेप वाहिनीकडे गेली. तिथून शेरा आला: ब्रेकच्या आधी भूत दिसलं पाहिजे. रात्री अकराला कलाकार बाईंना बोलावून पांढऱ्या लेन्स घालून क्लोजअप घेतला. मी तो तीनदा लावला, तीन धडाम आवाजांसकट. भाग लागला तेव्हा आई घरी बघत होती. भूत आल्याबरोबर म्हणाली, "अरे, ही दुपारच्या मालिकेतली नणंद ना रे? वजन वाढलंय तिचं." मी त्या क्लोजअपला माझा कोळी म्हणतो.

तर तुमचा प्रश्न, "तेव्हा भारी होती ती आता का नाही". तुमची नजर बदलली हे आहेच. पण तुम्ही आता बघितलीत ती प्रतही वेगळी आहे. डिस्कवर किंवा ऑनलाइन दोन्ही रात्री जोडून, ब्रेक गाळून एकसलग मिळते. जिथे जाहिरात होती तिथे पडदा क्षणभर काळा होतो आणि गोष्ट लगेच पुढे पळते. श्वास धरून बसायची जागाच उरली नाही. त्यात टबातल्या दृश्यानंतर दोन दिवस थांबायचं होतं, ते तुम्ही दोन सेकंदांत ओलांडलंत. माझे चार दिवस होते. माझ्या भावाला विचारा, किती पैसे कमावले.

मुलीला परत दाखवणार असाल तर शनिवारी रात्री लावा, जेवणानंतर, दिवे मालवून, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून पाणी आणा, गॅस बंद आहे का बघून या. तिला मध्ये बोलू द्या, पण पुढचं सांगू नका. स्टॅन टबात दिसला की बंद करा. ती हट्ट करेल. करू दे. दुसरा भाग सोमवारी संध्याकाळी, लायब्ररीचा प्रसंग संपेपर्यंत बघा. पुढचं तिने मागितलं तरच लावा. आणि मधल्या रविवारी मशीनमधले कपडे गच्चीवर वाळत घालायला तिला पाठवा, विशेषतः चादरी.